सरला आत्याबाई आणि टेथिसचा दुसरा भाग

आमच्या सरला आत्याबाईंना राग आला की त्या ओरडत नसत. चष्मा काढून टेबलावर ठेवत आणि समोरच्याला म्हणत, "आता पुन्हा सांग." धारच्या मुलींच्या सरकारी शाळेत त्यांनी एकतीस वर्षं गणित आणि भौतिकशास्त्र शिकवलं. हे तीन शब्द ऐकून रडलेल्या मुली धारमध्ये अजून भेटतात, आता स्वतःच्या मुलाबाळांना घेऊन.

पण २००५ साली दिवाळीच्या आधी त्यांना जो राग आला तो वेगळा होता. तो एका कॉम्प्युटर गेमवर होता, आणि तो भोवला माझ्या धाकट्या भावाला, अनीशला. मी दोघांचंही ऐकलं आहे. मलाही राग आला होता. आधी आत्याबाईंचा, मग बाबांचा, मग आणखी पुष्कळांचा. त्यातला काही अजून उतरलेला नाही.

आमचे आजोबा, जगदेवराव फणसे, धार दरबारच्या महसूल खात्यात होते. दरबार गेला, नोकरी नव्या सरकारात गेली, आणि माझे बाबा बळवंतराव धार सोडून देवासला गिअर बनवणाऱ्या कारखान्यात लागले. आत्याबाई धारमध्येच राहिल्या. लग्न केलं नाही. मुंज तलावाच्या बाजूला दोन खोल्या, एक कडुनिंब आणि पुस्तकं. आमच्या घरात आम्ही निम्मं हिंदी बोलायचो. आत्याबाईंसमोर मात्र शुद्ध मराठी, आणि त्यांना 'तुम्ही'.

२००० साली अनीश बारावीच्या सहामाहीत गणितात नापास झाला. बाबांनी त्याला धारला आत्याबाईंकडे धाडलं. त्याने एकच अट घातली, कॉम्प्युटर बरोबर नेणार. आत्याबाई हो म्हणाल्या, कारण त्यांना वाटलं ते अभ्यासाचं यंत्र आहे.

तिसऱ्या दिवशी त्या चार वाजता शाळेतून आल्या तर हा गेम खेळत बसलेला.

"बंद कर."

"आत्याबाई, दोन मिनिटं. इथे सेव्ह होत नाही."

त्यांनी चष्मा काढला. मग परत घातला, कारण पडद्यावर त्यांना एक दाबमापक दिसला. तीन टाक्या, त्यातली एक फुटलेली, आणि खाली आकडा भरायची चौकट. अनीश मनाला येईल तो आकडा टाकत होता आणि दर वेळी पडद्यावरची माणसं गुदमरून मरत होती.

"हे काय आहे?"

"हवेचं प्रेशर. दोन टाक्यांतून किती हवा सोडायची ते टाकायचं."

"मग अंदाजे काय टाकतोस, गाढवा? तापमान दिलंय, आकारमान दिलंय. कागद घे."

त्यांनी त्याच्याकडून गणित मांडून घेतलं. उत्तर टाकलं. पडद्यावरचा दरवाजा उघडला, आणि आतून एक बाई म्हणाली की आमची मुलं वाचली, तू कोण आहेस? आत्याबाई खुर्ची ओढून बसल्या.

"पुढे काय होतं?"

त्या गेमचं नाव टेथिस. शनीच्या त्याच नावाच्या चंद्रावर बर्फाखाली खाण आहे, तीन हजार माणसांची वस्ती आहे, आणि त्यांना तिथे नेणारी कंपनी पळून गेली आहे. तुम्ही एक दुरुस्ती करणारं माणूस. तुमचा स्वभाव, तुमचं कसब तुम्ही ठरवायचं. बंदूक मिळते, पण घेतलीच पाहिजे असं नाही. लोकांशी बोलायचं, त्यांची यंत्रं दुरुस्त करायची, आणि तुम्ही कुणाशी कसं वागलात हे ती माणसं लक्षात ठेवतात. ओरिन नावाची एक म्हातारी रेडिओ सांभाळायची. ती कुणाशीच बोलत नसे. आत्याबाईंना तिला बोलतं करायला अकरा दिवस लागले. इंग्रजी शब्दकोश मांडीवर घेऊन त्या तिचं एकेक वाक्य वाचत. अनीश म्हणायचा, "आत्याबाई, सोडा ना, तिच्याशिवाय पण गेम पुढे जातो." त्या म्हणायच्या, "आपल्याशी एक माणूस बोलत नाही आणि आपण पुढे जायचं?"

बारावीच्या परीक्षेपर्यंत दोघं रोज एक तास खेळले, गणिताचे दोन तास झाल्यावर. शेवटी कंपनीचं जहाज परत येतं आणि तुम्हाला म्हणतं, हवा-पाण्याचं यंत्रघर बंद कर आणि आमच्याबरोबर घरी चल. आत्याबाईंनी बंद केलं नाही. त्या तिथेच राहिल्या, तीन हजार माणसांबरोबर, एक गोळी न झाडता. अनीशला बारावीला गणितात चौऱ्याहत्तर पडले. तो देवासला परतला तेव्हा कॉम्प्युटर धारलाच ठेवून आला. मला एकदा म्हणाला, "ताई, तो आता त्यांचाच आहे."

पुढे कॉलेज करून २००४ मध्ये त्याला इंदूरच्या एका कंपनीत काम लागलं. परदेशी गेम बाजारात येण्याआधी तिथे तपासायला यायचे. तीस-चाळीस मुलं दिवसभर खेळत आणि चुका लिहून पाठवत. बाबांना हे काम वाटतच नसे. आत्याबाई मात्र शाळेत सगळ्यांना सांगत, "आमचा अनीश परीक्षक आहे."

आणि पुढच्या वर्षी त्याच्या टेबलावर टेथिसचा दुसरा भाग आला.

बाहेर काही न्यायचं नाही अशी सही सगळ्यांकडून घेतलेली होती. पण सप्टेंबरच्या अखेरीला आत्याबाई निवृत्त होणार होत्या. शाळेने त्यांना शाल दिली, नारळ दिला. अनीश धारला गेला तो शर्टाच्या आत दोन डिस्क घेऊन. माझ्यासमोर त्याने आधी जुन्या कॉम्प्युटरमध्ये लागतील ते नवे भाग बसवले आणि मग त्या त्यांच्या हातात ठेवल्या.

"बाजारात यायला अजून तीन महिने आहेत. अख्ख्या हिंदुस्थानात तुमच्या आधी कुणी घरी बसून खेळलेलं नाही. फक्त कुणाला सांगू नका हं."

आत्याबाईंनी डिस्क उलटसुलट करून पाहिल्या. त्यांचे डोळे भरून आलेले मी त्याच दिवशी पाहिले. निरोपसमारंभात नव्हते आले.

नवव्या दिवशी सकाळी देवासला आमच्या घरी फोन वाजला. मी उचलला.

"अनीशला दे."

मी फोनचा स्पीकर चालू केला, कारण तो दाढी करत होता. पुढची वीस मिनिटं आम्ही दोघं उभ्याउभ्या ऐकत होतो.

"मी यंत्रघर बंद केलं नव्हतं," आत्याबाई म्हणाल्या. "हा दुसरा भाग सुरूच कसा होतो? म्हणे मी यंत्रघर बंद केलं आणि कंपनीबरोबर निघून गेले. तीन हजार माणसं मेली. मी मारली! पहिल्या पाच मिनिटांत ओरिनचा सांगाडा दाखवलाय, खुर्चीवर बसलेला. आणि मला तिच्या खिशातून किल्ली काढायला लावतात. कुणी लिहिलंय हे?"

"आत्याबाई, सगळे लोक वेगवेगळा शेवट करतात ना. त्यांना एक शेवट धरायला लागतो."

"मग तोच का धरला? आणि दुरुस्ती! पूर्वी दाब मोजावा लागायचा, चुकलं तर माणूस मरायचा. आता बटण दाबून ठेवायचं आणि एक गोल भरेपर्यंत थांबायचं. झाली दुरुस्ती. आणि बोलणं? तीन वाक्यं. एक हो, एक नाही, एक शिवी. कुठलंही निवडलं तरी समोरचा तेच उत्तर देतो. मी तिन्ही करून पाहिली. एकशे बारा वेळा."

"ग्राफिक्स चांगले आहेत ना पण?" अनीशने हळूच विचारलं.

"आहेत. बर्फ अगदी बर्फासारखं दिसतं. पावलांचा आवाज येतो. पहिल्यात माणसांची तोंडं बटाट्यासारखी होती, यात कातडीवरचे डागही दिसतात. पण त्या तोंडांना बोलायला काही ठेवलेलं नाही. सगळी तोंडं गोळ्या घालायला आहेत. तू रोज हे बघतोस. तुला दिसलं नाही?"

"मी फक्त टेस्टर आहे, आत्याबाई."

"डोळे आहेत ना तुला? मी तुला आकडे बघायला शिकवलं, ते काय गोल भरण्यासाठी?"

त्यांनी फोन ठेवला. अनीशच्या गालावरचा साबण वाळून गेला होता. मी म्हटलं, "रागात आहेत, उतरेल." तो म्हणाला, "ताई, त्यांचा नाही उतरत."

आत्याबाईंनी त्याच दिवशी पहिल्या गेमच्या पुस्तिकेतून कंपनीचा ईमेलचा पत्ता शोधला. तीन दिवस बसून त्यांनी दोन्ही भागांची तुलना लिहून काढली, इंग्रजीत, मुद्द्यांना क्रमांक घालून. मग चौराह्यावरच्या सायबर कॅफेत जाऊन एका बोटाने टाइप केली. खाली लिहिलं, सरला फणसे, निवृत्त व्याख्याता, धार, मध्य प्रदेश. अजून तीन महिने आहेत, चूक दाखवली तर सुधारतील, असं त्यांना मनापासून वाटलं होतं. उत्तरपत्रिका परत देताना जशी खात्री असते तशी. अनीशचं नाव त्यांनी कुठेही घातलं नाही. पण त्या गणिताच्या बाई. आपण नेमक्या कोणत्या प्रतीबद्दल बोलतोय हे समोरच्याला कळावं, म्हणून पडद्याच्या कोपऱ्यात जो बारीक क्रमांक दिसत होता तो त्यांनी पहिल्याच ओळीत दिला.

तपासायला गेलेल्या प्रत्येक प्रतीवर वेगळा क्रमांक होता, आणि कोणती प्रत कुणाच्या टेबलावर आहे याची इंदूरला नोंद होती.

डिस्क दिल्यापासून अठराव्या दिवशी कंपनीत अनीशला आत बोलावलं. दुपारी जेवणाच्या सुट्टीआधी तो रस्त्यावर होता. अनुभवाचं पत्र नाही, खणातली स्वतःची पेनंसुद्धा घेऊ दिली नाहीत. बाबांनी त्या दिवशी घरात जे ऐकवलं ते मी इथे लिहीत नाही. "खेळायची नोकरी, ती पण टिकवता आली नाही," एवढं एक वाक्य पुरे. मला बाबांच्या ताटातली भाकरी काढून घ्यावीशी वाटली.

दुसऱ्या दिवशी तो धारला गेला. मी बरोबर गेले, कारण त्याचा चेहरा मला ठीक दिसत नव्हता. आत्याबाई अंगणात कपडे वाळत घालत होत्या. उत्तर आलं का, हेच त्यांनी आधी विचारलं. कंपनीकडून त्याला काही कळलं का, म्हणून.

"आलं," अनीश म्हणाला. "मला काढून टाकलं."

त्याने क्रमांकाचं सांगितलं. आत्याबाईंच्या हातातला पिळलेला टॉवेल तसाच राहिला.

"मी तुझं नाव लिहिलं नाही."

"नाव नाही लिहिलंत. नंबर लिहिलात. मला एकदा विचारलं असतं तर?"

"विचारलं असतं तर तू नको म्हणाला असतास."

"हो! म्हणालो असतो! माझी नोकरी होती ती!"

आत्याबाईंनी चष्मा काढला. मला वाटलं, आता त्या माफी मागतील. पण त्या म्हणाल्या, "चोरून आणलेली वस्तू तू मला दिलीस. मी खोटं वागले नाही. जे खराब होतं त्याला खराब म्हटलं. तू रोज बघून गप्प बसलास."

आयुष्यात पहिल्यांदा अनीश आत्याबाईंशी हिंदीत बोलला. "आपको कुछ नहीं पता." आणि फाटक उघडून निघाला. मी मागे धावले. बसमध्ये तो इंदूर येईपर्यंत खिडकीला डोकं टेकून बसला होता.

त्यानंतर चार महिने बोलणं बंद. अनीश देवासला ए. बी. रोडवर एका ओळखीच्या दुकानात कॉम्प्युटर दुरुस्तीला बसू लागला. दिवाळीला आत्याबाई आल्या नाहीत, आणि आम्ही बोलावलं नाही.

गेम जानेवारीत बाजारात आला. आत्याबाईंनी इंदूरला जाऊन रीतसर खोकं विकत आणलं. त्यांना वाटत होतं काहीतरी बदललं असेल. एक अक्षर बदललं नव्हतं. ओरिन त्याच खुर्चीवर होती. तरी त्या शेवटपर्यंत खेळल्या, दात-ओठ खात, बंदूक चालवत, कारण शेवटी काम करणाऱ्यांची नावं येतात हे त्यांना माहीत होतं. इंदूरच्या कंपनीची अकरा नावं आली. अनीश फणसे त्यात नव्हता. ज्याने महिनोन्महिने काम केलं त्याचं नाव पुसलेलं होतं.

ते पाहून त्या दुसऱ्या दिवशी इंदूरच्या त्या कंपनीत गेल्या. तिथे काय झालं हे त्यांनी मला नंतर शब्दन् शब्द सांगितलं.

तिथला प्रमुख योगेंद्र नावाचा तिशीतला माणूस. त्याने आधी त्यांना कुणाची तरी आई समजून पाणी मागवलं. "आंटीजी, किससे मिलना है?" त्यांनी नाव सांगितल्यावर तो खुर्चीत मागे सरकला. "वो लेटर आपने लिखा था? आप गेम खेलती हैं?" आणि हसला. आत्याबाई म्हणाल्या, हसून झालं की सांगा, अनीशचं नाव का काढलं?

"रूल है, आंटीजी. कॉपी बाहर ले गया."

"शिक्षा दिलीत, ती समजली. पण केलेलं काम कसं पुसलंत? त्याने काम तरी काय केलं ते मला दाखवा."

का कोण जाणे, योगेंद्रने पडदा त्यांच्याकडे वळवला. बहुतेक त्यांना लवकर वाटेला लावायचं म्हणून. अनीशने पाठवलेल्या चुकांची यादी होती. त्यात एकसष्ट नोंदी अशा होत्या ज्या यंत्राच्या चुका नव्हत्याच. आत्याबाईंनी त्या एकेक करून वाचल्या. पहिल्या भागात यंत्रघर चालू ठेवलेल्या खेळाडूलाही इथे खुनी ठरवलं आहे. ओरिनला असं मारणं चूक आहे, जिने तिला बोलतं करायला अकरा दिवस घातले तिला काय वाटेल? दुरुस्तीतून गणित काढू नका. तिन्ही वाक्यांना एकच उत्तर येतं. प्रत्येक नोंदीपुढे परदेशातल्या कंपनीचं तेच उत्तर होतं, असंच ठेवायचं आहे. अनीशने काही नोंदी दोनदा, तीनदा पाठवल्या होत्या. एका नोंदीखाली योगेंद्रने स्वतः लिहिलं होतं की यापुढे असं मत पाठवू नये, फक्त बिघाड पाठवावा.

"म्हणजे त्याने सांगितलं होतं," आत्याबाई म्हणाल्या.

"बहुत बार. सिरदर्द कर दिया था."

"आणि तुम्ही त्याला गप्प केलंत."

"हमारा काम रिपोर्ट करना है, आंटीजी, गेम बनाना नहीं."

आत्याबाई मला सांगत होत्या तेव्हाही त्यांचा राग तसाच होता. राग योगेंद्रवर होता, समुद्रापलीकडच्या त्या माणसांवर होता, पण सगळ्यात जास्त स्वतःवर होता. जे मुद्दे त्यांनी क्रमांक घालून लिहिले, ते पोराने आधीच लिहिले होते. आणि त्यालाच त्यांनी विचारलं होतं, डोळे आहेत ना तुला?

त्या उठल्या नाहीत. अनुभवाचं पत्र मिळाल्याशिवाय जाणार नाही म्हणाल्या. योगेंद्रने मीटिंग घेतल्या, जेवून आला, त्या तिथेच. तीन वाजता त्याने वैतागून पत्र छापून आणलं. शेवटी लिहिलं होतं, काम समाधानकारक. आत्याबाईंनी त्याच्याच टेबलावरचं पेन उचलून तो शब्द खोडला आणि म्हणाल्या, "एकसष्ट वेळा खरं सांगणाऱ्याला समाधानकारक म्हणतात? नीट लिहून आणा." त्याने नाही आणलं. "यही मिलेगा, लेना है तो लो," म्हणाला. खोडाखोड केलेलं ते पत्र घेऊन त्या थेट देवासला आल्या.

मी बँकेतून लवकर सुटले होते आणि अनीशला डबा द्यायला दुकानात गेले होते. त्याच्यासमोर एक उघडा कॉम्प्युटर होता. आत्याबाई पायरीवर उभ्या राहिल्या. आत या, असं तो म्हणाला नाही. त्या तिथूनच बोलल्या.

"मी तुझ्या कंपनीत गेले होते. तुझ्या नोंदी वाचल्या. सगळ्या."

अनीशने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

"माझं चुकलं," आत्याबाई म्हणाल्या. "दोनदा चुकलं. तुला न विचारता लिहिलं, आणि तू गप्प बसलास असं म्हटलं."

मी त्यांच्या तोंडून हे शब्द कधी ऐकले नव्हते. मला वाटलं अनीश विरघळेल. तो उलट भडकला.

"नोकरीचं मला काही नाही. दुसरी मिळेल. पण तुम्हाला वाटलं कसं की मला दिसलं नाही? ओरिनचा सांगाडा पहिल्यांदा आला ना, तेव्हा मी उठून बाथरूममध्ये गेलो होतो. सगळे पोरं हसले माझ्यावर, क्या भिया, रो रहा है? आणि तुम्ही विचारता, डोळे आहेत का! तुम्हाला सांगायचं होतं मला. म्हणून तर आणली होती ती डिस्क. कुणीतरी बघावं माझ्याबरोबर, म्हणून. आणि तुम्ही फोनवर माझ्यावरच..."

दुकानाचा मालक बाहेर चहा प्यायला निघून गेला. आत्याबाई ऐकत राहिल्या. एकदाही मधे बोलल्या नाहीत. त्याचं संपल्यावर त्यांनी पत्र काउंटरवर ठेवलं.

"मी त्यांना पुन्हा लिहू का? तुझं नाव का काढलं म्हणून? तू सांगशील तसं."

"नको," अनीश म्हणाला.

"बरं."

त्यांनी पुढे एक शब्द काढला नाही. त्यांच्यासाठी ते किती कठीण होतं ते मला दिसत होतं.

मी त्यांना बसस्टँडवर सोडायला गेले. अनीश आला नाही. बस सुटायला वेळ होता. मी म्हटलं, "थोड्या दिवसांत राग जाईल त्याचा." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी शाळेत असल्यासारखी गप्प झाले.

"का जावा?" त्या म्हणाल्या. "त्याचा राग बरोबर आहे. तू त्याला समजावायला जाऊ नकोस."

मी गेले नाही. बाबांनाही जाऊ दिलं नाही. अनीशने पुन्हा गेमच्या कंपनीत अर्ज केला नाही. दोन वर्षांनी त्याने विकास नगरात स्वतःचं दुरुस्तीचं दुकान टाकलं. ते पत्र त्याने फाडलं नाही आणि कुणाला दाखवलंही नाही.

२००८ च्या उन्हाळ्यात आत्याबाईंनी फोनवर मला सहज सांगितलं की कॉम्प्युटरचा पंखा घरघर करतो. पुढच्या रविवारी अनीश आपल्या मनाने धारला गेला. पंखा बदलला, धूळ झाडली, जेवला. तिथे काय बोललात, असं मी विचारलं, तर म्हणाला, "दीड तास त्या दुसऱ्या भागाला शिव्या घातल्या. आत्याबाईंना एवढ्या शिव्या येतात मला माहीतच नव्हतं."